देव कमी झाला, देवाच्या शाळा वाढल्या

२०१७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने समलिंगी विवाहाबद्दल टपालाने कौल दिला. ६१.६ टक्के लोकांनी होकार भरला. मतदारसंघांचे आकडे बाहेर आले तेव्हा मात्र सिडनीचा नकाशा पाहून अनेक राजकीय पंडित गडबडले. समुद्रकाठचा वॉरिंगा हा माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांचा बालेकिल्ला. अॅबट म्हणजे तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत गेलेले आणि या विवाहाच्या विरोधकांचे पुढारी. त्यांच्याच मतदारांपैकी ७५ टक्के लोक त्यांच्या विरोधात गेले. आणि पश्चिम सिडनीत, बँक्सटाउनच्या आसपासच्या ब्लॅक्सलँडमध्ये जवळपास ७४ टक्क्यांनी नकार दिला. हा ब्लॅक्सलँड वर्षानुवर्षे लेबर (मजूर) पक्षाचा, पंतप्रधान झालेल्या पॉल कीटिंग यांना २७ वर्षे निवडून देणारा.

यावरून श्रद्धाळू विरुद्ध आधुनिक अशी एक सोपी रेघ मारली गेली. पण तोच नकाशा उत्पन्नाचाही आहे. नकार देणाऱ्या वस्त्यांमध्ये लेबनीज मुसलमान आहेत, व्हिएतनामी कॅथलिक आणि बौद्ध आहेत, इराकमधून आलेले असिरियन ख्रिस्ती आहेत. शुक्रवारचा नमाज आणि रविवारची चर्चमधली प्रार्थना दोन्ही तिथे गच्च भरतात, आणि घरभाडे भरता भरता लोकांची दमछाक होते. होकार देणाऱ्या किनाऱ्यावर चर्चचे बाक ओस पडले आहेत. त्याच किनाऱ्यावर चर्चच्या शाळांमध्ये प्रवेशासाठी मूल रांगते झाले की नाव नोंदवून ठेवतात.

ऑस्ट्रेलियात धर्म आणि राजकारण यांची चर्चा निघाली की ती नेहमी पहिल्या, श्रद्धेच्या नकाशाभोवती फिरते. कोणता पंतप्रधान देव मानतो, कोण शपथ घेताना बायबल हातात धरतो, कोणाचे चर्च टाळ्या वाजवत गाणारे आहे. मला वाटते, हा सगळा वेळेचा अपव्यय आहे. या देशात धर्माचे राजकारण सरकारी तिजोरीच्या वाटेने चालते. त्याचा सगळ्यात मोठा हिशेब शाळांच्या अनुदानात मांडलेला आहे, आणि विषमता पुढच्या पिढीकडे सोपवण्याचे काम तोच हिशेब गुपचूप करतो.

थोडे मागे जावे लागेल. हेन्री बोर्न्स हिगिन्स हे नाव आपल्याकडे कुणाला फारसे माहीत नसेल. आयर्लंडात जन्मलेला, वेस्लियन धर्मोपदेशकाचा मुलगा, मेलबर्नमध्ये वकिली करणारा हा माणूस. १८९८ च्या घटना परिषदेत त्याने एक कलम लावून धरले. घटनेच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान ईश्वराचा उल्लेख येणार होता. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या छोट्या पंथाला त्याची धास्ती वाटत होती. ते शनिवार पाळत. उद्या केंद्र सरकारने रविवारची सक्ती केली तर काय, हा त्यांचा सवाल. हिगिन्सने त्यावर कलम ११६ मिळवले: केंद्राने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, धर्माचरण लादू नये, धर्माचरणाला मनाई करू नये आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालू नये.

याच हिगिन्सने न्यायाधीश झाल्यावर १९०७ मध्ये हार्वेस्टर खटल्याचा निकाल दिला. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या मॅके यांच्या कारखान्यातल्या अकुशल मजुराला किती मजुरी द्यावी? मालकाला परवडते तितकी नव्हे, तर सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून जगायला, बायको आणि तीन मुले पोसायला लागते तितकी. दिवसाला सात शिलिंग. सरकार सर्व धर्मांपासून सारखे लांब राहील आणि साध्या कष्टकऱ्याला घर चालवण्याइतके मिळेल, अशी दोन वचने एकाच माणसाच्या हातून या देशाला मिळाली. दुसऱ्या वचनात गोऱ्या पुरुषाचेच घर गृहीत होते, हे इथेच नोंदवून ठेवू. बाईची मजुरी त्याहून कमी आणि मूळनिवासी माणूस तर हिशेबातच नव्हता.

पहिल्या वचनाचे पुढे जे झाले ते मोठे मासलेवाईक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतींनी सरकारी शाळा मोफत, सक्तीच्या आणि धर्मनिरपेक्ष केल्या आणि चर्चच्या शाळांचे अनुदान बंद केले. प्रॉटेस्टंटांना ते चालण्यासारखे होते. कॅथलिक, म्हणजे बहुतांशी गरीब आयरिश, यांनी हट्टाने आपल्या शाळा चालू ठेवल्या. नन आणि ब्रदर बिनपगारी शिकवत, पालक नाणे नाणे जमवत. ऐंशी-नव्वद वर्षे हे असेच चालले. युद्धानंतर मुलांची संख्या फुगली, नन कमी पडू लागल्या, वर्गात साठ-सत्तर मुले कोंबली जाऊ लागली. १९६२ च्या जुलैत न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न या गावात ठिणगी पडली. एका कॅथलिक शाळेने स्वच्छतागृहे वाढवावीत असे सरकारने फर्मावले. चर्च म्हणाले, पैसे नाहीत. मग गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळांना कुलूप लागले आणि सुमारे २,००० मुलांना सरकारी शाळांच्या दारात उभे करण्यात आले: घ्या, शिकवा. सरकारी शाळांत जागा कुठली असायला? आठवडाभरात कुलपे निघाली, पण व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता.

तेव्हाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस हे स्वतः प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक मत परंपरेने लेबरचे. पण १९५५ मध्ये साम्यवादाच्या प्रश्नावरून लेबर फुटला होता, कॅथलिकांचा एक मोठा गट बाहेर पडून डेमोक्रॅटिक लेबर पार्टीत गेला होता, आणि ही मते आपल्याकडे वळवता येतील हे मेंझीस यांनी हेरले. १९६३ च्या निवडणुकीत त्यांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी पैसे जाहीर केले, सरकारी आणि चर्चच्या दोन्ही शाळांना. दार किलकिले झाले. १९७३ नंतर लेबरच्या व्हिटलम सरकारने ते सताड उघडले, आणि तेही गरजेप्रमाणे मदत या तत्त्वाखाली. त्या वेळी ते न्याय्यच होते. बँक्सटाउनच्या स्थानिक चर्चच्या शाळेतले मूल काही श्रीमंताचे नव्हते.

अनुदानाच्या विरोधकांनी कलम ११६ हातात घेऊन हायकोर्ट, म्हणजे इथले सर्वोच्च न्यायालय, गाठले. १९८१ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध १ मतांनी त्यांना परत पाठवले. धर्म प्रस्थापित करणे म्हणजे राष्ट्राचे अधिकृत चर्च स्थापन करणे. शाळेला पैसा देणे त्यात बसत नाही, असा बहुमताचा अर्थ. लायोनेल मर्फी एकटे विरोधात राहिले. त्या दिवसापासून हा प्रश्न कायद्याचा उरला नाही, फक्त राजकारणाचा राहिला. आणि राजकारणात एकदा दिलेले अनुदान परत घेण्याची हिंमत कोण करतो?

आता आजचे चित्र पाहा. २०२१ च्या जनगणनेत ३८.९ टक्के लोकांनी आपल्याला धर्म नाही असे लिहिले. ख्रिस्ती ४३.९ टक्क्यांवर उतरले. १९६६ मध्ये ते ८८ टक्के होते. त्याच काळात बिगरसरकारी शाळांतली मुले वाढत वाढत एकूण विद्यार्थ्यांच्या ३६ टक्क्यांवर पोहोचली. यातल्या बहुतेक शाळा कुठल्या ना कुठल्या चर्चच्या किंवा धर्मसंस्थेच्या. म्हणजे देवावरचा विश्वास कमी होत गेला आणि देवाच्या शाळांवरचा वाढत गेला. पालकांना विचारले तर ते प्रार्थनेबद्दल क्वचितच बोलतात. शिस्त, गणवेश, मैदान आणि ‘मुलांची संगत’ यांबद्दल बोलतात. या शेवटच्या शब्दातच सगळे येते.

पैशांची विभागणी अशी. प्रत्येक मुलामागे किती खर्च लागतो याचा एक सरकारी मापदंड आहे. डेव्हिड गोन्स्की यांच्या समितीने २०११ मध्ये तो सुचवला. गरीब मुलासाठी जास्त, अपंग मुलासाठी जास्त, मूळनिवासी मुलासाठी जास्त, दुर्गम गावासाठी जास्त. कल्पना उत्तम होती. पण केंद्राने खासगी शाळांचा सरकारी वाटा ८० टक्के स्वतः उचलला आणि सरकारी शाळांचा फक्त २०. उरलेला भार राज्यांवर. केंद्राची तिजोरी मोठी, राज्यांची तोकडी. त्यामुळे बहुतेक खासगी शाळा मापदंडापर्यंत केव्हाच पोहोचल्या, काही पलीकडे गेल्या, आणि राजधानीचा छोटासा प्रदेश सोडला तर सरकारी शाळा वर्षानुवर्षे खालीच राहिल्या. जास्त गरज असलेली मुले ज्या शाळांत, त्याच शाळा अर्धपोटी.

शिवाय खासगी शाळेला या पैशांवर फी घेता येते. सिडनी-मेलबर्नच्या नामांकित शाळांची बारावीची फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर आहे, काहींची ५० हजारांच्या पलीकडे. त्यांनाही सरकारी पैसा मिळतोच. पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे कमी होतो, पण शून्य होत नाही. सिडनीच्या बेलव्ह्यू हिलमधल्या एका प्रेस्बिटेरियन शाळेने ग्रंथालयाची इमारत स्कॉटिश किल्ल्याच्या धाटणीत बुरुजांसकट उभी केली. त्यासाठी देणग्या आणि फीचा पैसा वापरला असे सांगितले जाते, असेलही. पण शिक्षकांच्या पगाराला सरकार हातभार लावत असेल तर फीचा पैसा बुरुजाकडे वळवायला मोकळा होतो, हे हिशेबनिसाने समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बाजू कमकुवत नाही, म्हणून ती नीट ऐकली पाहिजे. पहिला मुद्दा: पालकही कर भरतात, मग त्यांच्या मुलाचा वाटा त्यांनी निवडलेल्या शाळेला का मिळू नये? दुसरा: ही मुले उद्या सरकारी शाळांत आली तर खर्च वाढेल, गोलबर्नमध्ये दिसलेच. तिसरा: कॅथलिक शाळा म्हणजे किल्ले नव्हेत, त्यांच्या बऱ्याच शाळांची फी माफक आहे आणि कामगार वस्त्यांत त्या आजही उभ्या आहेत. तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याची धार आता बोथट झाली आहे, कारण अनेक कॅथलिक शाळांना दरडोई मिळणारा सरकारी पैसा शेजारच्या सरकारी शाळेच्या जवळपास पोहोचला आहे. मग बचत राहिली कुठे? आणि पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच विचारायचे, की वाटा मिळाल्यावर जबाबदारीही तेवढीच का घेऊ नये? सरकारी शाळेला आपल्या हद्दीतले मूल नाकारता येत नाही. खासगी शाळेला येते: परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन, फी लावून, धर्म पाहून. न झेपणारे मूल शेवटी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेजारच्या न्यूझीलंडने १९७५ मध्ये कायदा करून आपल्या कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत सामावून घेतल्या. धर्मशिक्षण शाबूत राहिले, इमारती चर्चच्याच राहिल्या, पण पगार आणि खर्च सरकारचा आणि शिकवण्याची फी बंद. इमारतींपुरती थोडी वर्गणी घेता येते. इंग्लंडमध्येही सरकारी पैशावर चालणारी चर्चची शाळा फी घेत नाही. मुलाला धर्माच्या वातावरणात वाढवायचे स्वातंत्र्य आणि पैशाच्या जोरावर संगत निवडायचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये आहेत. पहिल्याला सरकारने जरूर मदत करावी. दुसरे ज्याचे त्याने आपल्या खिशातून घ्यावे.

अट घालता येत नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याला मालेक फाहद शाळेची आठवण करून द्यावी. सिडनीच्या ग्रीनएकरमधली ही मोठी इस्लामी शाळा. तिचा पैसा शाळेबाहेर वळतो आहे असे ठरवून केंद्राने २०१६ मध्ये अनुदान थांबवण्याचा निर्णय घेतला. कारभार बदलल्यावर ते पुढे सुरू झाले. सरकारचे तेव्हा चुकले असे मी म्हणत नाही. डोळे उघडायचे ठरवले तर सरकारला दिसते, एवढेच मला दाखवायचे आहे.

या सगळ्याबद्दल संसदेत किती बोलले जाते? धर्मावर शेवटची मोठी झुंज झाली ती तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या धार्मिक भेदभाव विधेयकावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये. शाळांनी समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना काढून टाकावे का, यावर रात्र जागवली गेली. सत्ताधारी पक्षाच्या पाच खासदारांनी पक्षाची बाजू सोडून विरोधकांबरोबर मत दिले आणि विधेयक गुंडाळले गेले. त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते बरेच झाले, पण भेदभावबंदीतून धार्मिक शाळांना दिलेली जुनी सूट कायद्यात तशीच राहिली. २०२४ मध्ये कायदा सुधारणा आयोगाने ती काढा असे सुचवले. विरोधी पक्ष बरोबर येत नाही म्हणून पंतप्रधान अल्बनीझी यांच्या सरकारने हात टेकले. म्हणजे सरकारी पैशातून पगार होणाऱ्या शिक्षिकेला तिच्या खासगी आयुष्यावरून नोकरी गमवावी लागू शकते, आणि तिच्या पगाराला जिच्या करातून पैसा जातो त्या बाईला त्यात बोलायला जागा नाही.

पुढाऱ्याची श्रद्धा पाहून काही कळत नाही, याचे उत्तम उदाहरण जुलिया गिलार्ड. देव मानत नाही असे उघड सांगणारी पंतप्रधान. सरकारी शाळांत धर्मगुरू नेमण्याची माजी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांची योजना तिने बंद करायला हवी होती. तिने तिला आणखी पैसे देऊन मुदत वाढवली. उलट चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांसह सगळ्या संस्थांची चौकशी करणारा शाही आयोग तिनेच २०१२ मध्ये जाहीर केला. दोन्ही निर्णय एकाच नास्तिक बाईचे.

चर्चलाही एका बाजूला उभे करून मोकळे होता येत नाही. बेकारभत्ता वाढवा म्हणून सरकारच्या मागे वर्षानुवर्षे लागलेल्यांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल, अँग्लिकेअर, युनायटिंग चर्चच्या संस्था पुढे असतात. रोबोडेट नावाच्या बेकायदा वसुलीने लाखो गरिबांच्या मागे खोटी कर्जे लावली तेव्हा पीडितांचे रडगाणे ऐकायला याच लोकांच्या कचेऱ्या उघड्या होत्या. गरिबांना ब्लँकेट वाटणारे आणि किल्ले बांधणाऱ्या शाळांच्या नियामक मंडळावर बसणारे लोक कधी कधी एकाच संप्रदायाचे असतात. आणि हो, त्या अॅडव्हेंटिस्टांचा सॅनिटेरियम नावाचा कारखाना आज देशातल्या घराघरात नाश्त्याला वीट-बिक्स पुरवतो. मालकी चर्चची, म्हणून त्याला कंपनी कर लागत नाही. सरकार आपल्या धर्मात लक्ष घालील याची १८९८ मध्ये भीती बाळगणाऱ्या पंथाला सरकारने धर्माच्या नावाने दिलेली ही सवलत पचायला जड गेलेली दिसत नाही.

समृद्धीची गोष्ट याहून वेगळी नाही. १९९१ पासून २०२० पर्यंत या देशाने मंदी पाहिली नाही. लोहखनिज आणि कोळसा विकून, बाहेरून माणसे आणून, घरांच्या किमती चढवत देश श्रीमंत झाला. प्रौढामागची मध्यम संपत्ती आज जगात पहिल्या दोन-तीन देशांत मोडते. पण ही संपत्ती घराच्या विटांत आहे. १९८१ मध्ये २५ ते ३४ वयाच्या लोकांपैकी ६० टक्क्यांहून जास्त स्वतःच्या घरात राहत; आता निम्मेही नाहीत. भाड्याने दिलेल्या घरातला तोटा पगारातून वजा करून कर वाचवायची सवलत आणि १९९९ पासून भांडवली नफ्यावर मिळालेली निम्मी सूट यांनी या आगीत तेल ओतले. २०१९ मध्ये लेबरचे नेते बिल शॉर्टन या सवलतींना हात घालायला निघाले आणि हरले. पुढच्या निवडणुकीला लेबर तो मुद्दा न घेताच उतरला आणि जिंकला. घर आणि शाळा या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर घ्यायला दहा-पंधरा लाख डॉलर मोजा, नाहीतर खासगी शाळेची फी भरा. दोन्ही जमत नसेल तर तुम्ही ब्लॅक्सलँडमध्ये.

इथल्या मराठी घरांत या गोष्टी पाठ असतात. ‘कॅचमेंट कुठले?’, म्हणजे घर कोणत्या शाळेच्या हद्दीत, हा प्रश्न नव्याने आलेल्या जोडप्याला पहिल्याच भेटीत विचारला जातो. सिलेक्टिव्ह, म्हणजे निवडक मुले घेणाऱ्या सरकारी शाळेच्या परीक्षेसाठी नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे क्लास लागतात आणि ते नाही जमले तर कॅथलिक किंवा अँग्लिकन शाळेचा अर्ज तयार असतो. गणपतीत आरती म्हणणारे मूल सकाळी शाळेच्या चॅपलमध्ये बसते. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे कॉन्व्हेंटची सवय जुनी आहे. २०२१ मध्ये भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक इथे होते, हिंदू ६ लाख ८४ हजार. मतांचा गठ्ठा म्हणून दोन्ही पक्ष आता आपल्याकडे बघतात, देवळांत येऊन टिळे लावून घेतात. आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला स्थलांतरितांविरुद्ध देशभर मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्या पत्रकांत भारतीयांचे नाव घेऊन लिहिलेले होते. त्यानंतर सिनेटर जेसिंटा नम्पिजिन्पा प्राइस यांनी लेबर मतांसाठी भारतीयांना आणतो असे सुचवले आणि त्या वादात विरोधी बाकांवरचे आपले पद गमावले. घराच्या किमतीचा राग माणसांच्या चेहऱ्यावर निघतो तो असा.

अशा वेळी आपल्या मंडळींतून एक मागणी हळूहळू मोठी होते आहे: त्यांच्या शाळांना मिळते, मग हिंदू शाळांनाही मिळू द्या. न्यायाच्या भाषेत ती बिनतोड आहे. तरी मी तिच्या विरोधात आहे. प्रत्येक समाजाने आपापल्या अनुदानित कुंपणात मुले वाढवायची, तर बँक्सटाउनच्या सरकारी शाळेत उरणारे मूल कोणाचे? ज्याच्या आईबापांना कुंपण घालायची ऐपत नाही त्याचे. आणि त्यात टॅक्सी चालवणारा आपला पंजाबी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी नेपाळी बाई आणि विद्यार्थी व्हिसावर आलेले आपले कोल्हापूर-लातूरचे जोडपेही असेल.

सक्तीचे मतदान हा ऑस्ट्रेलियाचा मोठा आधार आहे. १९२४ पासून केंद्रीय निवडणुकीत सगळ्यांना मत द्यावेच लागते. त्यामुळे अमेरिकेसारखे भाविकांना पेटवून बूथवर नेण्यात फारसा फायदा नाही. धर्माधारित पक्ष इथे वाढत नाहीत त्याचे हे एक कारण. पण याच कारणामुळे मधल्या मतदाराला दुखवायची कोणाची तयारी नसते आणि मधला मतदार म्हणजे अनेकदा फी भरणारा पालक.

मार्च २०२५ पर्यंत सगळ्या राज्यांनी केंद्राशी नवा करार केला. सरकारी शाळांसाठी केंद्राचा वाटा २० वरून २५ टक्के होणार आणि त्या मापदंडाला २०३४ पर्यंत पोहोचणार. २०२५ मध्ये बालवर्गात गेलेले मूल तेव्हा नववीत असेल. खासगी शाळांवर कसलीही नवी अट नाही. अट घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, सार्वमत लागत नाही. २०१३ च्या शिक्षण कायद्यात चार ओळी घालाव्या लागतील: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने फीला मर्यादा घालावी, आसपासची मुले चिठ्ठ्या टाकून घ्यावीत आणि धर्म किंवा खासगी आयुष्य पाहून कुणाला दार दाखवू नये. ज्यांना हे नको त्यांनी अनुदान सोडावे. सरकारी घरात, अपंगत्वाच्या पेन्शनवर जगणाऱ्या एकट्या आईने वाढवलेला, कॅथलिक शाळेत शिकलेला पंतप्रधान आज ९४ जागांच्या बहुमतावर बसला आहे.